बॅटल क्रीकचं दही आणि परळची लस

नोव्हायहून शिकागोला निघालं, की आय-९४ वर जॅक्सन मागे पडल्यावर बॅटल क्रीकची पाटी लागते. आपल्याला ओढ असते डेव्हॉन ॲव्हेन्यूची, त्यामुळे तिथे गाडी थांबलीच तर ती गॅस भरण्यापुरती. गावाचं नाव मात्र घरातल्या लहान मुलांनाही माहीत असतं, कारण कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर ते वर्षानुवर्षं छापलं गेलं. पण ह्याच गावात शंभर वर्षांपूर्वी दह्यातल्या जंतूंनी पोटाचे आजार बरे करण्याचा अमेरिकेतला एक अतिशय गाजलेला उद्योग चालला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

आज कुठल्याही फार्मसीत जा, 'प्रोबायोटिक' लिहिलेल्या बाटल्यांचा एक अख्खा कप्पा असतो. एकीवर एक हजार कोटी जंतू, तर शेजारचीवर पाच हजार कोटी. गॅस, बद्धकोष्ठ, जुलाब, आम्लपित्त, जे म्हणाल त्यावर काहीतरी आहे. भारतात फोन केला, तर तिकडेही डॉक्टर अँटिबायोटिकबरोबर अशी एखादी कॅप्सूल किंवा छोटी कुपी लिहून देतात. हे सगळं आलं कुठून? ह्या प्रश्नाच्या मागे लागून मी बरंच वाचन केलं, आणि त्या वाचनात एका टोकाला आपलं मिशिगन निघालं, तर दुसऱ्या टोकाला चक्क मुंबईतलं परळ. म्हणून हा लेखप्रपंच.

विरजणाची गोष्ट

सुरुवात आपल्या घरापासून करू या. दूध कोमट करायचं, चमचाभर कालचं दही घालायचं, झाकून ठेवायचं. हे करताना आपण जंतूंची शेती करतो आहोत असं आपल्या आज्यांनी कधी म्हटलं नाही, पण करत होत्या त्या तेच. दह्यातले जंतू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे दूध घट्ट होतं, आणि दूध नासवणाऱ्या इतर जंतूंना तिथे वाढता येत नाही.

सत्तरच्या दशकात इथे आलेल्या मंडळींकडून विरजणाच्या कितीतरी गोष्टी ऐकायला मिळतात. कोणी दुकानातल्या बटरमिल्कचं विरजण लावलं, कोणी साध्या योगर्टचं, तर कोणी हिरव्या मिरचीची देठं दुधात टाकून पाहिली. मिशिगनच्या थंडीत दही लागेना, म्हणून ओव्हनचा नुसता दिवा लावून भांडं रात्रभर आत ठेवायची युक्ती तर अजून घरोघरी चालते. तरीही "घरच्यासारखं लागत नाही" ही तक्रार राहतेच, आणि तिला कारण आहे. अमेरिकेतल्या योगर्टमध्ये नियमाप्रमाणे दोन ठरावीक जंतू असतात, आणि त्यांना चाळीस अंश सेल्सियसच्या वरची ऊब मानवते. आपल्या घरच्या विरजणात मात्र त्याहून कमी उबेत वाढणारे आणि घरागणिक बदलणारे अनेक जंतू नांदत असतात. दही एकच वाटलं, तरी वस्ती वेगळी.

पोटासाठी ताक, हेही आपल्याकडे जुनंच. चरकसंहितेत चिकित्सास्थानात मूळव्याध आणि ग्रहणी ह्या दोन्ही विकारांच्या प्रकरणांत ताकाला मोठं स्थान दिलं आहे. ताक पचायला हलकं, भूक वाढवणारं आणि मल बांधणारं आहे, असं तिथलं म्हणणं. जंतू हा शब्दही माहीत नसताना हे निरीक्षण झालं, ह्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण अमुक आजारात ताक देतात, आणि ताकातल्या जंतूंमुळे तो आजार बरा होतो, ही दोन वेगळी विधानं आहेत. पुढची सारी गोष्ट ह्या दोन विधानांमधल्या अंतराची आहे.

एक गुरू, दोन वाटा

एली मेचनिकॉफ हा आजच्या युक्रेनमधल्या खारकिव्हजवळ १८४५ साली जन्मलेला शास्त्रज्ञ. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा त्याचा शोध. त्यासाठी १९०८ सालचं नोबेल पारितोषिक त्याला पॉल अर्लिकबरोबर विभागून मिळालं. १८८८ पासून तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता. उतारवयात त्याला एका प्रश्नाने पछाडलं : माणूस म्हातारा का होतो?

त्याचं उत्तर असं, की आपल्या मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, तिथले जंतू विषारी द्रव्यं तयार करतात, आणि ती रक्तात मिसळून शरीर झिजवतात. आंबट दुधात काही कुजत नाही, मग तेच आतड्यात पोचवलं तर? त्यातच बल्गेरियातले आंबट दूध पिणारे शेतकरी दीर्घायुषी असतात, अशी माहिती त्याच्या कानावर आली. स्टामेन ग्रिगोरोव्ह ह्या तरुण बल्गेरियन डॉक्टरने १९०५ मध्ये जिनिव्हात त्या दह्यातला जंतू शोधून काढला होता. मेचनिकॉफ स्वतः रोज आंबट दूध पिऊ लागला, त्याने भाषणं दिली, पुस्तक लिहिलं. पॅरिसमध्ये दह्याची एकच लाट आली आणि औषधांच्या दुकानांत जंतूंच्या गोळ्या विकायला लागल्या. आजच्या बाटल्यांचे पूर्वज म्हणजे ह्याच गोळ्या.

आता परळकडे वळू. ह्याच मेचनिकॉफचा ओडेसाच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी पुढे गुरूच्या मागोमाग पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आला. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईत राहिलेल्या प्रत्येकाला हे नाव परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमुळे परिचित आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने हाहाकार उडवला, तेव्हा हाफकिनला तिथे पाठवण्यात आलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या तयार असलेल्या कैद्यांना लस टोचली गेली, बाकीच्यांना नाही. एकाच छपराखाली राहणारे, एकच अन्न खाणारे असे हे दोन गट. नंतर मोजदाद झाली, तेव्हा लस न घेतलेल्यांमध्ये प्लेग आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे जास्त होते. आजच्या कसोट्यांना ही चाचणी पुरी पडणार नाही. कोणी लस घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, आणि कैद्याच्या संमतीला कितपत अर्थ होता हाही प्रश्नच आहे. पण 'ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काय झालं?' हा प्रश्न तिथे विचारला गेला, आणि त्याचं उत्तर आकड्यांत मिळालं.

गुरूच्या दह्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारला नाही. नोबेल विजेत्याचं नाव आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांची कहाणी एवढ्यावर दही जगभर गेलं.

बॅटल क्रीकचे डॉक्टर

त्यातलं काही मिशिगनलाही पोचलं. डॉ. जॉन हार्वी केलॉग ह्यांचा जन्म १८५२ सालचा, टायरोन टाउनशिपमधला. आपल्या नोव्हायहून पाऊण तासाच्या आतबाहेर हे ठिकाण आहे. १८७६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बॅटल क्रीकमधल्या सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या छोट्या आरोग्यगृहाची सूत्रं त्यांच्या हाती आली. त्याचं त्यांनी 'बॅटल क्रीक सॅनिटेरियम' केलं. १९०२ मध्ये इमारत जळून खाक झाली, तर १९०३ मध्ये त्याहून मोठी उभी राहिली. हजाराहून अधिक पाहुणे तिथे राहू शकत. हेन्री फोर्ड आणि थॉमस एडिसनसुद्धा तिथे येऊन गेले.

मांस नाही, दारू नाही, तंबाखू नाही. भरपूर कोंडा, फळं, सुका मेवा, व्यायाम आणि मोकळी हवा. वाचताना वाटतं, हे तर आपल्याच एखाद्या निसर्गोपचार आश्रमाचं वर्णन! कॉर्नफ्लेक्स इथल्याच स्वयंपाकघरातून निघाले. धान्याच्या पोह्यांचं पेटंट डॉक्टरांना १८९६ मध्ये मिळालं, आणि धाकटे भाऊ विल कीथ ह्यांनी १९०६ मध्ये त्याचा कारखाना काढला. त्यावरून दोघा भावांत कोर्टकज्जे झाले, ती एक वेगळीच भाऊबंदकी आहे.

डॉक्टरांचा खरा जीव मात्र आतड्यात गुंतला होता. 'सर्व रोगांचं मूळ पोट' हे वाक्य आपण सहज बोलून जातो, ते केलॉगनी शब्दशः घेतलं. जितकी जेवणं तितक्यांदा पोट साफ झालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मेचनिकॉफचा आतड्यातल्या विषाचा सिद्धांत त्यांना मनोमन पटला. मग सॅनिटेरियममध्ये आधी पाण्याच्या एनिम्याने आतडं धुवायचं आणि त्यानंतर बल्गेरियन जंतूंचं दही द्यायचं, असा उपचार सुरू झाला. त्यातलं अर्धं दही रुग्णाने खायचं, आणि उरलेलं अर्धं एनिम्यावाटे. आता हसू येतं, पण त्यामागे तर्क होता. पोटातल्या आम्लात जंतू मरत असतील, तर त्यांना थेट मुक्कामी का पोचवू नये? विष्ठेतले जंतू प्रत्यारोपित करण्याचा जो उपचार आज मान्यता पावला आहे, त्यातही हाच विचार आहे.

ह्या सिद्धांताची काळी बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लंडनचे नामवंत सर्जन सर विल्यम आर्बथनॉट लेन ह्यांनी त्याच विषाच्या कल्पनेपायी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढायला सुरुवात केली. त्यात माणसं दगावली. १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये ह्या विषयावर मोठा वाद झाला. पुढे १९१९ मध्ये वॉल्टर अल्व्हारेझ ह्या अमेरिकन डॉक्टरने एक साधं निरीक्षण मांडलं. बद्धकोष्ठाची डोकेदुखी आणि सुस्ती शौचाला झाल्याबरोबर जाते. रक्तात विष भिनलं असतं, तर ती इतक्या चटकन कशी जाईल? हा तर ताणलेल्या आतड्याचा परिणाम. पण ही शंका उपस्थित होईपर्यंत आतडी कापली गेली होती.

केलॉग ह्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 'शुद्धीच्या' ह्याच वेडातून ते वंशशुद्धीच्या चळवळीत शिरले आणि १९१४ मध्ये त्यांनी बॅटल क्रीकला त्या विषयावरची परिषद भरवली. चाळीसहून अधिक मुलांचा सांभाळ करणारा हा माणूस वर्णभेदाचाही पुरस्कर्ता होता. नायक म्हणून मिरवावं असं हे चरित्र नाही.

दही पोटात राहतं का?

१९२१ मध्ये येल विद्यापीठातल्या लिओ रेटगर आणि हॅरी चेपलिन ह्यांनी बल्गेरियन जंतूची तपासणी केली. निष्कर्ष असा, की हा जंतू माणसाच्या आतड्यात मुक्कामच करत नाही. त्यांच्या मते ॲसिडोफिलस हा मूळचा आतड्यातलाच जंतू अधिक उपयोगी. मग सगळा रोख तिकडे वळला, केलॉगसुद्धा वळले. १९३४ मध्ये शेजारच्या ओंटारिओत डियॉन कुटुंबात पाच जुळ्या मुली जन्मल्या. त्यातल्या लहानग्या मारीचं पोट बिघडलं, तेव्हा केलॉगनी ॲसिडोफिलस घातलेलं सोयाबीनचं दूध तिकडे पाठवलं. बाळ सावरलं, आणि त्याची प्रसिद्धीही झाली. पण एका बाळावरून काय ठरणार?

त्याच काळात जपानमध्ये क्योटोत मिनोरू शिरोटा ह्यांनी १९३० मध्ये एक जंतू वेगळा काढला, आणि १९३५ पासून त्याचं पेय 'याकुल्ट' म्हणून विकायला आलं. वाहन उद्योगामुळे नोव्हायमध्ये जपानी वस्ती बरीच आहे, त्यामुळे त्या चिमुकल्या बाटल्या आपल्याला इथे सहज दिसतात. त्याआधी १९१७ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड निस्ले ह्यांनी, साथीत आजारी न पडलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून जंतू काढून त्याचं औषध केलं होतं. म्हणजे कल्पना मेली नाही. अँटिबायोटिकं आल्यावर ती काही काळ मागे पडली, एवढंच.

आज काय म्हणता येईल?

२००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. 'फायदा' हा शब्द त्यात आला, म्हणजे तो सिद्ध करणं आलं. आणि मग भायखळ्याचा प्रश्न एकदाचा दह्यालाही विचारला जाऊ लागला.

उत्तरं संमिश्र आली. योगर्टमधल्या जिवंत जंतूंमुळे लॅक्टोज पचायला मदत होते, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये मान्य केला. दूध पचत नाही पण ताक चालतं, असं म्हणणाऱ्या आपल्या कितीतरी मंडळींचा अनुभव त्यामुळे शास्त्राच्या पानावर आला. कोलकात्यात एक ते पाच वर्षांच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांना शिरोटांचं पेय किंवा तसंच दिसणारं दुसरं पेय देऊन पाहिलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत जुलाबाचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं. फायदा आहे, पण मर्यादित. ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू ह्यांत मिळून ४० टक्के घट दिसली.

उलट बाजूही पाहा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांत जुलाब-उलट्या होणाऱ्या ९७१ लहान मुलांवर एका लोकप्रिय जंतूची चाचणी झाली, आणि त्याचा काहीही उपयोग दिसला नाही. त्याच वर्षी इस्रायलमध्ये २१ निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या छोट्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यातली मूळ जंतूंची वस्ती परतायला उलट उशीर लागला. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये पुरावे तपासून सांगितलं, की पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्याइतका आधार नाही. काही ठरावीक परिस्थितींत, ठरावीक जंतूंपुरताच तो आहे. आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एफडीएने मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना ही उत्पादनं देण्याबद्दल धोक्याचा इशारा दिला, कारण अशाच जंतूमुळे रक्तदोष होऊन एक बाळ दगावलं होतं. 'दह्याचेच तर जंतू, अपाय काय होणार?' हे सगळ्यांनाच लागू नाही.

दोन वर्षांपूर्वी आई पुण्याहून आमच्याकडे आली असताना दातासाठी अँटिबायोटिक घ्यावं लागलं आणि मागोमाग जुलाब सुरू झाले. मी फार्मसीतल्या त्या कप्प्यासमोर उभा राहून लेबलं वाचत होतो. डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी आधी विष्ठेची तपासणी सांगितली. अँटिबायोटिकनंतर म्हाताऱ्या माणसांना सी-डिफ नावाच्या जंतूचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. तो असेल तर कॅप्सूल घेत घरी बसून भागत नाही. सुदैवाने तो नव्हता. आईने कॅप्सूल नाकारली, "मला आपला ताकभात दे" म्हणाली, आणि चार दिवसांत बरी झाली. ताकाचा गुण ती आजही सांगते. मी तिच्याशी वाद घालत नाही, पण ताक घेतलं नसतं तर चार दिवस लागले असते की पाच, हे कोणाला माहीत? सॉफ्टवेअरच्या आमच्या धंद्यात 'माझ्या मशीनवर चालतं' म्हणणाऱ्याला कोणी सोडत नाही. पोटाच्या बाबतीत मात्र आपण सगळे तेवढ्यावरच समाधान मानतो.

तेव्हा मंडळी, बाटली उचलण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. जंतू नेमका कोणता, नुसतं कुळाचं नाव नको तर पूर्ण ओळख. कोणत्या आजारासाठी. आणि न घेणाऱ्यांशी तुलना झाली आहे का. बाळ मुदतपूर्व असेल किंवा घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर हे प्रश्न डॉक्टरांनाच विचारावेत. रोजच्या ताकासाठी मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही. ते अन्न आहे, आणि अन्न म्हणून ते फार चांगलं आहे.

मंदीच्या तडाख्यात केलॉगांचं सॅनिटेरियम डबघाईला आलं. १९४२ मध्ये ती इमारत लष्कराने घेतली, तिथे जखमी सैनिकांचं मोठं रुग्णालय झालं. पुढच्याच वर्षी वयाच्या ९१ व्या वर्षी केलॉग वारले. १९२८ मध्ये बांधलेला पंधरा मजली मनोरा अजून उभा आहे, आणि त्या रुग्णालयात राहून पुढे सिनेटर झालेल्या तिघांच्या नावाने ती इमारत आता हार्ट-डोल-इनौये फेडरल सेंटर म्हणून ओळखली जाते. पुढच्या वेळी डेव्हॉनला जाताना वाट थोडी वाकडी करून मुलांना ती जरूर दाखवा. आणि मुंबईला गेलात तर परळची ती जुनी वास्तूही.